मदत हवी आहे: तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्यांतलं फेसबुकवर काय टाकावं, काय टाकू नये?

नमस्कार मंडळी,

माझं सासर नाशिकचं, पंचवटीतलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या तीर्थोपाध्येपण. रामकुंडावर अस्थिविसर्जनाला, श्राद्धाला येणाऱ्या यजमानांच्या नोंदींच्या वह्या आमच्या माडीवर आहेत, लहानमोठ्या धरून सदतीस. जुन्या मोडीत, अलीकडच्या बाळबोधीत. गाव आणि आडनाव सांगितलं की सासरे (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) नेमकी वही काढतात आणि समोरच्याला त्याच्या पणजोबांची सही दाखवतात. ज्यांच्या घरी पणजोबांचा साधा फोटो नाही, अशी माणसं त्या अक्षरांवरून बोट फिरवताना रडलेली मी पाहिली आहेत.

अण्णा आता एक्याऐंशीचे. घरात मोडी वाचणारे तेच शेवटचे. त्यात गोदावरीचा भरवसा नाही. २०१६ च्या आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या (आमच्याकडे पूर याच मूर्तीवरून मोजतात) डोक्यावरून पाणी गेलं, तेव्हा आम्ही रात्री चादरींत गाठोडी बांधून वह्या शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर नेल्या. तरी दोन वह्यांना ओल लागलीच. त्यांची पानं एकमेकांना चिकटली आहेत. बाकीच्यांत कागद खाणारी कसर लागली आहे.

म्हणून गेल्या दिवाळीत फेसबुकवर पेज सुरू केलं आणि वह्यांतल्या पानांचे फोटो टाकू लागले. लोकांनी डोक्यावर घेतलं. कुणी आपल्या गावाचं नाव ओळखलं, कुणी आजोबांची आठवण लिहिली. तिसऱ्या पोस्टला मात्र घात झाला. त्या पानावर एका घराण्यातल्या दत्तकाची नोंद होती. रात्री अकराला एका गृहस्थांचा फोन आला. त्यांचा जमिनीचा दावा चालू आहे आणि ते पान भाऊबंदांच्या हाती लागलं होतं. ओरडले नाहीत, आवाज कापत होता त्यांचा. पोस्ट लगेच काढली, पण स्क्रीनशॉट तोवर कुठच्या कुठे गेले होते. तीर्थोपाध्यायांच्या वह्या वंशावळीच्या दाव्यांत पुरावा म्हणून दाखल झालेल्या आहेत, हे मला माहीत होतं. तरी मी ते पान नीट न वाचता टाकलं.

अण्णा एवढंच म्हणाले, "वही आपली नाही गं. यजमानाची ठेव आहे, आपण फक्त सांभाळतो."

त्यांचं पटतं. पण ठेव कपाटात कसरीने खाल्ली तर यजमानाला काय मिळणार? म्हणून विचारते. किती जुनी नोंद उघड दाखवायला हरकत नसावी? जातीच्या उल्लेखाचं काय करावं? २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर आमच्याकडेही विचारणा वाढली आहे, त्यामुळे तो कॉलम आता साधा राहिलेला नाही. वही सपाट उघडली की शिवण तुटते, मग स्कॅनरशिवाय मोबाइलने काढलेले फोटो टिकाऊ ठरतील का? आणि चिकटलेली पानं घरी सोडवता येतात का?

प्रतिसाद: जुनाकागद

ताई, चिकटलेल्या पानांना हात लावू नका. वाफ नको, ड्रायर नको, पातळ सुरी तर मुळीच नको. शाई पाण्याने फुटते. कागदाचं संवर्धन करणाऱ्या जाणकारालाच दाखवा. फाटक्या कडांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशनही नको.

मोबाइल चालेल. वही पूर्ण उघडायचीच नाही. दोन्ही पुठ्ठ्यांखाली घडीचे टॉवेल ठेवून अर्धवट उघडी ठेवा आणि एकेक बाजू टिपा. फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी दोन दिवे, मोबाइल स्टँडवर. मूळ फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले तर बारीक होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि फेसबुक म्हणजे साठवण नव्हे. तीन प्रती ठेवा, त्यातली एक नाशिकबाहेर. पूर तुम्ही पाहिलाच आहे.

प्रतिसाद: मोडीवाचक

मोडी येणारे लोक मिळतील. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ तर १९१० पासून या कामात आहे. पण तुमच्या वह्या लिहिणारा कोण, त्याच्या अक्षराची वळणं, घरातले संक्षेप हे फक्त अण्णांना ठाऊक. बाहेरचा माणूस नाव वाचेल, पण नावापुढचं एक अक्षर कशाचं हे त्याला कळणार नाही. तेव्हा फोटोंच्याही आधी अण्णांना वाचायला बसवा आणि आवाज रेकॉर्ड करा. रोज चार पानं झाली तरी चालेल.

'हे पान कोण वाचून देईल?' अशी पोस्ट कृपा करून टाकू नका. मोह होतो, पण तोच तुमचा दत्तकाचा प्रसंग पुन्हा.

प्रतिसाद: तापीकाठ

मी यजमानाच्या बाजूने लिहितो. माझ्या खापरपणजोबांची नोंद नाशिकला आहे. ती जगाने पाहिली तर मला अभिमानच वाटेल, पण आधी मला विचारावं. आमच्या वडिलांची पिढी उपाध्यांना घरातलं सगळं सांगायची, कारण ते वहीबाहेर जाणार नाही याची खात्री होती.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. तापीकाठ, तुमचं वाक्य अण्णांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसले होते, मग स्वतःच बोलायला लागले.

असं ठरलंय. जातीचा कॉलम आणि वंशावळ कधीच टाकायची नाही, नोंद कितीही जुनी असो. नाव असलेलं पान त्या घराण्याने लेखी होकार दिला तरच. नावं न दाखवता टाकण्यासारखं पुष्कळ आहे, हे अण्णांनीच दाखवलं: शके कसा लिहायचे, माणसं किती दिवस चालत आली, बरोबर कोण होतं, पावसात कुठे अडकली, सही न येणाऱ्याने काय खूण केली. एका नोंदीत 'वाटेत बैल गेला' एवढंच आहे. कुणाचा, ते सांगायची गरजच नाही.

काल पहिलं रेकॉर्डिंग केलं, अकरा मिनिटांचं. अण्णांची अट: व्हिडिओत पान दिसायचं नाही, फक्त त्यांचा आवाज आणि पाटीवर मोडी गिरवणारा हात.

एक विचारायचं राहिलं: माडीवर पंख्याचा आवाज फार येतो आणि पंखा बंद केला की अण्णांना उकाडा सोसत नाही. शर्टाला लावायचा, खिशाला परवडणारा माइक कुणी वापरला असेल तर सांगाल का?