‘सेरोटोनिन कमी झालंय’ असं सांगणं आता थांबवा

रामबागकर
आमच्या मंडळाच्या व्याख्यानात वक्ते म्हणाले, मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं तसं नैराश्यात सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन. माझा या वाक्याला ठाम विरोध आहे. सेरोटोनिन आणि नैराश्यावरच्या संशोधनाचा मोठा आढावा २०२२ मध्ये ‘मॉलिक्युलर सायकिअ‍ॅट्री’ या संशोधन नियतकालिकात आला. कमतरतेमुळे नैराश्य येतं, याला सुसंगत पुरावा त्यात मिळाला नाही. आणि साधा विचार करा : एसएसआरआय ही नैराश्यावर नेहमी दिली जाणारी गोळी सेरोटोनिनचं पेशीत परत शोषलं जाणं काही तासांत अडवते. मग बरं वाटायला दोन-चार आठवडे का लागतात?

शुभदा_इंदूर
तुम्ही पुरावे बघताय, मला घर सांभाळायचंय. धाकट्या दीरांना सासूबाई कामचुकार म्हणायच्या. ‘मेंदूतलं रसायन कमी झालंय’ असं डॉक्टर म्हणाले आणि त्या दिवसापासून टोमणे थांबले. ते वाक्य अपुरं असेल, पण आमच्या घरात त्याने माणूस वाचवला.

माळवी_माणूस
म्हणजे गोळ्यांना अर्थच नाही! बंद करा आणि सकाळी नेहरू पार्कला फिरायला जा.

दवाबाजार
माळवी, असं कृपा करून लिहू नका, कोणीतरी खरंच गोळी सोडेल. गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर येते, झोप उडते, डोक्यात विजेसारखे झटके बसतात. कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात नैराश्यावरची २१ औषधं होती. सगळीच खोट्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरली, जरी फरक माफक होता.

बरं वाटायला आठवडे का लागतात, या रामबागकरांच्या प्रश्नाचं एक उत्तर रिसेप्टरमध्ये, म्हणजे रसायनाचा संदेश पकडणाऱ्या पेशीवरच्या जागांमध्ये आहे. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवरच 5-HT1A नावाचे रिसेप्टर असतात. सेरोटोनिन वाढलं की ते त्या पेशीला आवरतात. आठवडे गेले की त्यांची संवेदनशीलता उतरते आणि पेशी मोकळी होते. उशीर निदान अंशतः तरी त्यामुळे होत असावा, असं मानतात. रिसेप्टरचा प्रभाव बघायचा तर हॅलोपेरिडॉल हे वेगळ्या मनोविकारांवरचं औषध बघा. ते डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचे D2 नावाचे रिसेप्टर अडवतं, त्यामुळे भास आणि संशय कमी होतात. पण हालचाल सांभाळणाऱ्या भागातही तेच रिसेप्टर आहेत, म्हणून काहींचे हात कापतात, चाल आखडते. घरचे म्हणतात रोग वाढला. नाही, हा औषधाचा परिणाम आहे, डॉक्टरांना लगेच सांगा.

रामबागकर
गोळी बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण शुभदाताई, २०१४ मधला एक अमेरिकी प्रयोग ऐका. नैराश्य येऊन गेलेल्या लोकांना खोटी चाचणी करून सांगितलं, ‘तुमच्यात रासायनिक असंतुलन आहे’. त्यांचं स्वतःला दोष देणं कमी झालं नाही, उलट आपण यातून बाहेर येऊ ही आशा घटली. सासूबाईंचे टोमणे थांबले, पण दीरांना स्वतःबद्दल काय वाटलं, ते कोणी विचारलं का? त्यांची नोकरी, झोप, कर्ज, हे सगळं ‘रसायन’ म्हटलं की बाजूला पडतं.

शुभदा_इंदूर
विचारलं, मीच विचारलं. ते म्हणाले, ‘निदान आता मी खोटारडा ठरत नाही’. प्रयोगातली माणसं आमच्या घरात राहत नव्हती. सासूबाईंना 5-HT1A समजावण्याइतका वेळ मला कोणी देणार नाही. त्या दोन वाक्यांपुढे ऐकत नाहीत. तुमच्याकडे दोनच वाक्यांत खरं सांगता येत असेल तर लिहा.

दवाबाजार
‘हा आळस नाही, आजार आहे. औषधाला आठवडे लागतात, तोवर त्याला एकटं सोडू नका.’

रामबागकर
यात रसायन नाही. मला मान्य.

शुभदा_इंदूर
मला अर्धंच मान्य. ‘आजार का झाला?’ हा सासूबाईंचा पुढचा प्रश्न असेल, आणि तेव्हा मी रसायनच सांगणार.