वसतिगृहात मुलाला सोडल्यावर आईवडिलांनी मुंबईत मागे थांबावे का?

धागाकर्ती, माटुंगा

माझे घर माटुंग्यात, व्हीजेटीआय आणि रासायनिक तंत्रज्ञान संस्था या दोन्हींपासून चालत जाता येईल इतके जवळ असल्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत गावाकडचे कोणी ना कोणी आमच्याकडे उतरतेच, आणि त्यात मला आनंदच आहे. यंदा बहीण आणि मेहुणे भाच्याला वसतिगृहात सोडायला आले आणि पाच दिवस राहिले. रोज सकाळी डबा घेऊन दोघेही वसतिगृहाच्या फाटकापाशी जात आणि तास संपला की भाचा खाली येऊन त्यांच्याजवळ बसे. तिसऱ्या दिवशी मी त्याला खोलीतल्या दुसऱ्या मुलाचे गाव विचारले, तर ते त्याला ठाऊक नव्हते. कागदपत्रांची तपासणी झाली, किल्ली मिळाली, गादी आणि बादली खोलीत पोहोचली की पालकांनी त्याच रात्रीची गाडी धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मेसमधले पहिले जेवण मुलाने खोलीतल्या मुलांबरोबरच जेवले पाहिजे.

प्रतिसाद: एक आई, परभणी

ताई, तुमच्या भाच्याची मावशी हाकेच्या अंतरावर आहे. माझ्या मुलीचे मुंबईत कोणीही नव्हते. देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून आम्ही पोहोचलो, तेव्हा खिडकीवर सांगण्यात आले की वर्ग उद्यापासून सुरू होतील, मात्र वसतिगृहाची यादी दोन दिवसांनी लागेल. जात पडताळणीपासून नॉन-क्रिमीलेयरपर्यंतची सगळी मूळ प्रमाणपत्रे असलेली पिशवी घेऊन अठरा वर्षांच्या मुलीने त्या दोन रात्री कुठे काढाव्यात? मी दादरला एका लॉजमध्ये खोली घेतली आणि यादी लागल्यावरही आणखी दोन दिवस थांबले.

त्या दिवसांत आम्ही फाटकापाशी बसलो नाही. जलद लोकल माटुंग्याला थांबत नाही, दादरला उतरून धीमी पकडावी लागते, महिलांचा डबा फलाटावर कुठे येतो, गर्दीत दाराकडे आधीपासून सरकावे लागते, हे आम्ही दोघींनी मिळून शिकून घेतले, कारण यातले मलाही काही येत नव्हते. चौथ्या दिवशी ती पुढे चालत होती आणि मी तिच्या मागे. त्या संध्याकाळी मी परतीची गाडी धरली. आमच्या घरात मुंबईत शिकायला आलेली ती पहिलीच, आणि अशा घरांना त्याच रात्री निघा असे सांगणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद: निवृत्त वसतिगृह अधीक्षक, परळ

यादी उशिरा लावणे ही संस्थेची चूक आहे, आणि तिचा भुर्दंड पालकांवर पडू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. तथापि पुष्कळ पालक रॅगिंगच्या भीतीने थांबतात, आणि दिवसा फाटकाबाहेर उभे राहून ती भीती टळत नाही, कारण हे प्रकार बहुधा रात्री, दारे लागल्यावर होतात. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार शक्यतो प्रथम वर्षाच्या मुलांना ज्येष्ठांपासून वेगळ्या इमारतीत ठेवायचे असते आणि पहिले तीन महिने दर पंधरवड्याला त्यांच्याकडून नाव न लिहिता माहिती भरून घ्यायची असते. या तरतुदी खरोखर पाळल्या जातात का, हे अधीक्षकांना समोरासमोर विचारा, १८००-१८०-५५२२ हा चोवीस तास चालणारा रॅगिंगविरोधी मदतीचा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये घालून द्या, आणि मग निघा. या विचारपूसला एक तास पुरतो. रॅगिंगविरोधी हमीपत्र पालकांनाही द्यावे लागतेच, पण त्यातला मजकूर वाचणारे मी फार थोडे पाहिले.

प्रतिसाद: तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, मूळ गाव रत्नागिरी

पालकांनी किती दिवस थांबावे यापेक्षा कधी यावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पहिल्या आठवड्यात इतकी धावपळ असते की घर आठवायलाही उसंत मिळत नाही. माझे बाबा भातलावणीमुळे त्याच रात्री परतले आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटले नाही. अवघड गेले ते गणपतीत. कोकण रेल्वेचे आरक्षण मला मिळाले नाही, आसपासच्या मुली घरी गेल्या, आमचा मजला रिकामा झाला आणि त्यातच मला ताप भरला. अधीक्षकांनी स्वतःहून फोन केल्यावर आई एसटीने आली आणि दोन दिवस माझ्याजवळ राहिली. प्रवेशाच्या वेळची रजा वाचवून ती अशा दिवसासाठी ठेवावी, असे मी माझ्या चुलतभावाच्या घरी आग्रहाने सांगितले आहे.

धागाकर्ती

परभणीच्या ताईंचे म्हणणे मी मान्य करते: खोलीची किल्ली हातात येईपर्यंत कोणीही पालकांना निघायला सांगू नये, आणि किल्लीला चार दिवस लागत असतील तर चार दिवस. यादी रखडल्यामुळे कोणाची मुलगी अडकली असेल, तर आमच्याकडे एक खोली आहे, इथेच कळवावे. परंतु किल्ली मिळाल्यावरही रोज फाटकाशी डबा घेऊन जाण्याविषयी माझे मत बदललेले नाही. बहीण गेल्यानंतर भाच्याला रविवारी जेवायला बोलावले, तेव्हा तो खोलीतल्या मुलाला बरोबर घेऊन आला. मुलगा उदगीरचा निघाला.