दिवसाची वीज स्वस्त, रात्रीची सवलत बंद: वीज आयोग नेमके काय बदलत आहे?

तापीकाठ (यावल):

सप्रेम नमस्कार. यावल तालुक्यात आमचे केळी पिकवण्याचे छोटे केंद्र आहे आणि त्याला जोडून शीतगृह आहे. शीतयंत्रणा चोवीस तास चालत असल्यामुळे विजेचे बिल हाच आमचा सर्वांत मोठा खर्च ठरतो. आजवर आम्ही शक्य तितका भार रात्री दहानंतर टाकत आलो, कारण रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उद्योगांना युनिटमागे दीड रुपयाची सवलत मिळत असे, तर सकाळी नऊ ते बारा या वेळेत 80 पैसे जादा द्यावे लागत. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या 2025 च्या दर आदेशाने हे सगळे उलटे झाले. आता सवलत सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत आहे, संध्याकाळी जादा दर आहे, आणि आमची रात्रीची सारी मांडणी निरुपयोगी ठरली आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. आयोगाचे काम दर ठरवण्याचे असताना, मी यंत्रे केव्हा चालवावीत हे तो अप्रत्यक्षपणे का ठरवू लागला आहे? आणि या परिस्थितीत छतावर सौर पॅनल बसवणे शहाणपणाचे आहे का? एका परिचित जिनिंगचालकांच्या मते नेट मीटरिंगचा (छतावर तयार झालेली जादा वीज कंपनीला देऊन ती बिलातील वापरातून वजा करून घेण्याचा) फायदा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

साक्रीकर:

नमस्कार भाऊ. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच भागात उभे आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरला महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, आणि भुसावळजवळ दीपनगरला कोळशावर चालणारे मोठे वीजनिर्मिती संच आहेत. सौर वीज दुपारी भरपूर असते आणि सूर्य मावळताच संपते. कोळशाचा संच मात्र दुपारी बंद करून संध्याकाळी लगेच सुरू करता येत नाही. तो एका मर्यादेपर्यंतच खाली आणता येतो. त्यामुळे दुपारी वीज शिल्लक राहते आणि संध्याकाळी ती महागात विकत घ्यावी लागते. पूर्वी शिल्लक रात्री पडत असे, म्हणून सवलतही रात्री होती.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मुळे हा कल आणखी वाढणार आहे. या योजनेत कृषी फीडर (शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या) दिवसा सौर विजेवर चालवायचे आहेत आणि त्यासाठी निविदांमधून मिळालेले दर युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास आहेत. रात्री-अपरात्री केळीच्या बागेला पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही माझ्या दृष्टीने या सगळ्यातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. बिबट्या आणि साप यांच्या भीतीने आपल्याकडच्या कित्येक घरांची झोप उडालेली आहे.

आयोग केवळ दर ठरवतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी लागेल. 1998 च्या कायद्यानुसार 1999 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. पुढे 2003 च्या विद्युत कायद्याने त्याचे अधिकार फार वाढवले. वितरण कंपनीने वीज कोणाकडून आणि कोणत्या भावाने घ्यावी, त्यात अपारंपरिक विजेचा वाटा किती असावा, मोठ्या ग्राहकाला दुसऱ्याकडून वीज आणण्याची मुभा कोणत्या अटींवर द्यावी, हे सारे आयोगाच्या कक्षेत येते. त्याच कायद्याच्या चौकटीत 6 जून 2005 रोजी राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या.

गिरणाकाठ (चाळीसगाव):

साक्रीकर भाऊंनी कारण नेमके सांगितले आहे. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण बहुतेक लघुउद्योजकांची गफलत तिथेच होते.

छतावरील सौर प्रकल्पांसाठी आयोगाचे 2019 चे विनियम आहेत. ज्या ग्राहकाला वेळेनुसार दर लागू आहे, त्याच्या बाबतीत एका वेळेच्या टप्प्यात तयार झालेली वीज आधी त्याच टप्प्यातील वापरातून वजा होते. जी उरते, ती कमी मागणीच्या टप्प्यात तयार झाली असे धरले जाते. कमी मागणीचा टप्पा रात्री होता तोवर दुपारी उरलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा करता येत होती. आता कमी मागणीचा टप्पा म्हणजेच दुपार, त्यामुळे ती सोय राहिली नाही. विनियमातील मूळ वाक्य तेच ठेवूनही केवळ घड्याळाचे टप्पे सरकवल्याने उरलेल्या युनिटची किंमत बदलते. ज्यांनी वर्षभराचा एकूण वापर पाहून मोठे प्रकल्प बसवले, त्यांचे गणित बिघडते ते यामुळेच.

म्हणून आपण पॅनल जरूर बसवावेत, परंतु क्षमता ठरवताना वर्षभराचे एकूण युनिट पाहू नयेत. सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील आपला प्रत्यक्ष वापर पाहावा. मीटरमधील वेळनिहाय नोंदी मागून घ्याव्यात आणि उन्हाळा व हिवाळा यांचे हिशेब वेगळे मांडावेत. शीतगृह दुपारी सहन होईल तितके जास्त थंड करून ठेवले, भिंतींचे उष्णतारोधन आणि दारांचे रबर नीट केले, तर संध्याकाळी कॉम्प्रेसर बराच कमी चालवावा लागतो. पिकवणीच्या खोल्यांत मात्र तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर नेऊ नये, फळाचा रंग बिघडतो. हे आपणास माझ्याहून अधिक माहीत आहे. 2025 च्या आदेशावर पुनर्विलोकन आणि न्यायालयीन वाद झालेले असल्यामुळे करार करण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला आदेश वाचावा. विक्रेत्याने दिलेल्या परतफेडीच्या तक्त्यावर विसंबू नये.

एक निवृत्त अभियंता (धुळे):

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत. पण चित्राची एक बाजू राहून गेली आहे. वितरण कंपनीला उत्पन्न कसे मिळते, हे पाहिल्याशिवाय आयोगाचे खरे सामर्थ्य कळत नाही. कंपनीचा वाजवी खर्च आणि तिने गुंतवलेल्या भांडवलावरील परतावा दरांतून वसूल होतो. याचा अर्थ असा की अधिक खांब, अधिक रोहित्रे आणि अधिक उपकेंद्रे उभारण्यात कंपनीचा फायदा असतो, आणि ग्राहकाने विजेची बचत केली तर तिचे नुकसान होते.

हा पेच अमेरिकेतील राज्यांनाही सुटलेला नव्हता. तिथे न्यूयॉर्क आणि विस्कॉन्सिन या राज्यांनी 1907 मध्येच वीज कंपन्यांवर आयोग बसवले होते. कॅलिफोर्नियाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीचे उत्पन्न तिच्या विक्रीपासून वेगळे केले, म्हणजे वीज कमी विकली गेली तरी तिचे ठरलेले उत्पन्न बुडत नाही. हवाईच्या आयोगाने 2020 च्या अखेरीस कामगिरीवर आधारित दरपद्धतीचा आदेश दिला आणि ती 2021 मध्ये लागू झाली. कॅलिफोर्नियातच एप्रिल 2023 पासून नव्या सौर ग्राहकांनी ग्रीडमध्ये (सामाईक वीजजाळ्यात) सोडलेल्या विजेचा मोबदला पूर्ण दराऐवजी, कंपनीचा त्या वेळी जितका खर्च वाचतो त्यावर ठरू लागला. म्हणजे यावलला जो प्रश्न पडला आहे, तोच तिथल्या घरमालकांनाही पडलेला आहे. आपल्या आयोगानेही 2019 च्या बहुवर्षीय दर विनियमांत परताव्याचा काही भाग कामगिरीशी जोडला. हे पाऊल योग्य दिशेने आहे, पण वीज खंडित होण्याचा काळ आणि गळती यांचा हिशेब तालुकानिहाय प्रसिद्ध होऊन परतावा त्याच्याशी बांधला जात नाही, तोपर्यंत शहाद्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या ग्राहकाला त्याचा उपयोग दिसणार नाही.

आयोगाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय राज्य सरकारचा आहे. 2003 च्या विद्युत कायद्याच्या 65 व्या कलमानुसार अशा सवलतीची रक्कम सरकारने आगाऊ द्यायची असते. ती वेळेवर आली नाही, किंवा मीटर नसलेल्या पंपांचा वापर फुगवून दाखवला गेला, तर त्याचा भार शेवटी आपल्यासारख्या उद्योगांच्या आणि घरगुती ग्राहकांच्या दरांत उतरतो. शेतकऱ्याला सवलत असावी याबद्दल माझे दुमत नाही. पण मोजणी प्रामाणिक असावी, हा आग्रह आयोगाने कधीही सोडता कामा नये.

तापीकाठ (यावल):

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वेळनिहाय नोंदींसाठी मी अर्ज करणार आहे आणि पॅनलची क्षमता त्यावरूनच ठरवेन. आणखी एकच विचारतो: असे टप्पे बदलण्यापूर्वी आमच्यासारख्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेते का?

साक्रीकर:

ऐकून घेणे बंधनकारक आहे. त्याच कायद्याच्या 64 व्या कलमानुसार दरांचा प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो, आणि आलेल्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाला आदेश काढता येतो. प्रस्तावाची जाहिरात वर्तमानपत्रांत येते. हरकत मराठीत लिहिली तरी चालते आणि त्यासाठी वकील लागत नाही. अडचण एवढीच की आपल्या भागासाठी सुनावणी नाशिकला होते, आणि नवापूर किंवा रावेरहून तिथे जाण्यात छोट्या व्यावसायिकाचा पूर्ण दिवस मोडतो. लेखी हरकत पाठवावीच. तिच्यासोबत आपल्या वेळनिहाय वापराचा तक्ता जोडावा आणि शीतगृहांसाठी संध्याकाळच्या जादा दराचा वेगळा विचार करण्याची स्पष्ट मागणी करावी. रावेर, यावल आणि चोपडा येथील शीतगृहचालक व केळी पिकवणी केंद्रे एकत्र येऊन असा तक्ता तयार करणार असतील, तर त्याचा मसुदा मी आनंदाने तपासून देईन.