घरी काढलेलं खोबरेल खवट का होतं?

प्रश्न: नारळाचं दूध आटवून तेल काढलं, पंधरा दिवसांत वास आला. कारण काय? आणि रोज खाल्लं तर चालेल का?

सुरंगी: पाण्याचा अंश राहिलाय. दूध रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून वरची साय तेवढी घ्या. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवा. तडतड पूर्ण थांबून चोथा बदामी झाला की लगेच उतरवा, नाहीतर करपट वास लागतो. गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा.

माडाखाली: केसांना उत्तम; धुण्याआधी लावलं तर केसांतली प्रथिनं कमी झिजतात. खाण्यात मात्र जपून. सुमारे ९० टक्के संपृक्त मेद, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढतं. फोडणीला चमचाभर ठीक, 'उपाशीपोटी दोन चमचे प्या'वाले फॉरवर्ड सोडा.

सुरंगी: आणि थंडीत गोठलं म्हणून भेसळ समजू नका. २४ अंशांच्या आसपास ते गोठतंच. कडाक्याच्या थंडीतही पातळ राहिलं तर शंका घ्या.