टिपरचे गार्ड बनवायचेत तर मशीन नंतर घ्या
नवी मुंबईत रबाळ्याला गाळा घेऊन खाणीतल्या टिपरसाठी चेंबर गार्ड (इंजिनखालच्या ऑइल चेंबरला दगड लागू नये म्हणून लावायची प्लेट) आणि डिझेल टाकीचे गार्ड बनवायचा तुमचा विचार मनापासून आवडला. पण लेझर कटिंग मशीनसाठी आत्ताच कर्ज काढू नका, ही कळकळीची विनंती. कटिंग-बेंडिंग तिथल्याच एमआयडीसी पट्ट्यात जॉबवर, म्हणजे मजुरी देऊन, करून मिळतं, प्लेट कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये. सुरुवातीला वेल्डिंग, ड्रिल आणि एक चांगला फिटर पुरे.

खरा कस डिझाइनमध्ये आहे. 6 मिमीची माइल्ड स्टील प्लेट चौरस मीटरला साधारण 47 किलो भरते. एवढं धूड ऑइल बदलताना प्रत्येक वेळी उतरवावं लागलं, तर मेकॅनिक ते एकदा काढेल आणि परत लावणारच नाही. म्हणून ड्रेन प्लगच्या खाली पाना जाईल एवढं भोक हवंच, शिवाय चिखल-खडी पडून जायला फटी. चासीला वेल्डिंग मुळीच नको. आधीच्याच भोकांत ब्रॅकेट बसवा.

वरच्या प्रतिक्रियांत कुणीतरी पुढचे बुलबारही (गाडीच्या तोंडाला लावायचे लोखंडी दांड्यांचे गार्ड) बनवा म्हणालंय, ते सोडाच. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलंय. दंड तुमच्या गिऱ्हाइकाला बसेल, नाव तुमचं खराब होईल.

पहिला गार्ड ओळखीच्या खाणवाल्याच्या गाडीला लावा आणि पावसाळा संपला की उतरवून बघा: कुठे घासलाय, कुठला बोल्ट ढिला झालाय, कुठे चिखल साचून गंज धरलाय. दुसऱ्या गार्डचं ड्रॉइंग त्यानंतरच काढा.