टोकण यंत्राला मोटर लावायची, पण डाय करण्याआधी काय तपासू?

प्रश्न (लातूर)
आमचं छोटं वर्कशॉप आहे. हातानं ढकलायचं टोकण यंत्र बनवतो, फिरत्या चोचींनी जमिनीत बी टाकणारं, सोयाबीन-हरभऱ्याला चालतं. आता त्याला बॅटरी आन मोटर लावावी म्हणतो. औसा, निलंग्याकडच्या गिऱ्हाइकांना विचारलं, सगळे म्हणायलेत, "काढा की, घेऊ." डायचा, म्हणजे सुटे भाग काढायच्या साच्याचा, खर्च मोठा आहे. एवढ्यावर पैसे घालावेत का?

उत्तर (जालना)
"घेऊ" म्हणायला काय लागतं? पाचशे रुपये बयाणा मागून बघा, कोण फोन उचलतंय ते कळेल.

उत्तर (परभणी)
बयाणा मागाच. पण मोटर कशासाठी? ढकलून माणूस थकतो, हे तुम्ही धरून चाललात. आमच्याकडं मृगात काळ्या रानात वापसा (पेरणीजोगी ओल) नीट नसला की चोचीत माती बसते, बी अडकतं, माणूस खिळ्यानं टोकरत बसतो. मोटर लावून तुंबलेली चोचच जोरात फिरणार असंल तर काय उपयोग?

आधी जुन्याच यंत्राला माती खरवडणारी पट्टी वेल्ड करा. मग एकाच रानात आलटून पालटून तास (पेरणीच्या ओळी) घ्या: साधं, पट्टीवालं, मोटरवालं. अर्धं रान याला, अर्धं त्याला असं नको. खालच्या अंगाला पाणी थांबतं, वर मुरमाड असतं. फरक यंत्राचा का रानाचा, कळत नाही. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं 1919 नंतर इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतीकेंद्रात याच अडचणीवर डोकं चालवलं. सॉफ्टवेअरवाल्यांची ए/बी टेस्ट, म्हणजे काही लोकांना एक रूप आन काहींना दुसरं दाखवून तुलना करायची, ती त्याच घराण्यातली.

बी एकाच पिशवीतलं घ्या. गोणपाटात 100 दाणे उगवून बघा. 70 च्या खाली आले तर ते बी नको, त्याचे नांगे (न उगवलेल्या रिकाम्या जागा) यंत्राच्या नावावर पडतील. आणि किती नांगे पडले तर डाय करायची नाही, तो आकडा पेरणीआधीच वहीत लिहा. मागाहून ठरवलेला आकडा आपल्याच यंत्राच्या बाजूनं झुकतो.

प्रश्नकर्ता
सोयाबीन तर जूनशिवाय नाही. ऑक्टोबरात हरभऱ्यावर बघू का?

परभणी
बॅटरी किती टिकते ते कळेल. चोचीचं नाही कळणार. रान वेगळं, दाणा मोठा, बी सोडणारी चकतीही दुसरी. पाणी असंल तर मे महिन्यात तुषार लावून थोडं रान भिजवा आन नुसतं यंत्र चालवा.

जालना
चालवायला तुमचा कारागीर नको, त्याला सगळ्या खुब्या माहीत असतात. शेतकऱ्याच्या हातात द्या आन तुम्ही बांधावर गप बसा.

प्रश्नकर्ता
मे महिन्यात पाणी कुठलं, साहेब! पण मेहुण्याचं रान नदीकाठी आहे, त्याला विचारतो. पट्टी तर याच आठवड्यात मारतो. बयाणा मागायची तेवढी लाज वाटायलीय.