आंबोली: शिक्रा, बेसरा की क्रेस्टेड गॉसहॉक? ओळखायचे कसे, शोधायचे कुठे?

रानवाट:
नमस्कार मंडळी. आंबोलीत हिरण्यकेशीच्या वाटेवर झाडीत बसलेल्या एका शिकारी पक्ष्याचे फोटो मिळालेत. पाठ तपकिरी, डोळा पिवळा, गळ्याच्या मधोमध गडद रेघ, छातीवर तपकिरी थेंब, शेपटीवर अरुंद पट्टे. शेंडी नाही. गळ्यावरची रेघ बघून एक जण बेसरा म्हणतो, दुसरा शिक्रा. नक्की काय बघून ठरवायचं? जानेवारीत परत जाणार आहे. बेसरा आणि गॉसहॉक दिसायचे तर कुठे आणि किती वाजता उभं राहावं? आकाशात सर्पगरुड सोडून काही हाती लागत नाही.

घाटमाथा:
वर्णनावरून हा ज्युवेनाइल, म्हणजे पूर्ण न वाढलेला शिक्रा. गळ्यावरच्या रेघेनं भले भले फसतात. पूर्ण वाढलेल्या शिक्र्याला ती पुसट असते, पण पहिल्या वर्षातल्या शिक्र्याला चांगली ठळक असते आणि छातीवर थेंबही असतात. त्यामुळे पाठ तपकिरी असेल तर रेघेवरून निकाल द्यायचाच नाही.

आधी शेपटी बघा. बेसऱ्याचे गडद पट्टे मधल्या फिकट जागेइतके किंवा त्याहून रुंद असतात. ज्युवेनाइल शिक्र्याचे पट्टे अरुंद आणि मधली जागा मोठी. पूर्ण वाढलेल्या शिक्र्याची मधली पिसं तर जवळजवळ कोरीच असतात. मग पाय. बेसऱ्याचे पाय लांब, बारीक, आणि मधलं बोट नजरेत भरेल इतकं लांब. शिक्र्याचे पाय आणि बोटं आखूड, जाड. फोटोत पंजा फांदीवर स्पष्ट आला असेल तर तेवढा भाग मोठा करून इथे टाका, वाद तिथेच मिटेल.

पूर्ण वाढलेला पक्षी असेल तर काम सोपं. शिक्र्याच्या छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा आणि पाठ फिकट राखाडी. बेसऱ्याची पाठ गडद पाटीच्या रंगाची, गळ्याची रेघ जाड, छातीच्या वरच्या भागात उभ्या रेघा आणि पोटावर रुंद आडवे पट्टे. उडताना शिक्र्याच्या नराचा पंख खालून पांढुरका आणि टोकं काळपट दिसतात. बेसऱ्याचा पंख खालून सगळा पट्टेरी.

आकारावर भिस्त ठेवू नका. या कुळात मादी नरापेक्षा बरीच मोठी असते, त्यामुळे शिक्र्याची मादी आणि बेसऱ्याचा नर मापानं सारखेच वाटतात.

डोंगरझाडी:
वरच्या सगळ्याशी सहमत. क्रेस्टेड गॉसहॉकची भर घालतो, कारण पूर्ण वाढलेला बेसरा आणि हा, दोघांच्या छाती-पोटाची नक्षी एकच: गळ्याला रेघ, छातीला उभ्या रेघा, पोटाला पट्टे. फरक अंगकाठीत आहे. गॉसहॉक दणकट, पाय जाडजूड, डोक्यामागे आखूड शेंडी. ती दाबून बसवलेली असेल तर दिसत नाही, म्हणून ‘शेंडी नाही’ एवढ्यावरून त्याला बाद करू नका.

उडताना पंखाच्या टोकाची, बोटांसारखी सुटी दिसणारी पिसं मोजा. गॉसहॉकला 6, शिक्रा आणि बेसऱ्याला 5. हिवाळी पाहुण्या युरेशियन स्पॅरोहॉकलाही 6 असतात, पण त्याच्या गळ्याला रेघ नसते. गॉसहॉकचा पंख रुंद, मागची कड फुगीर आणि अंगाजवळ आत खेचलेली. जानेवारी-फेब्रुवारीत नर हद्द दाखवायला उंच चढतो, पंख खाली वाकवून थरथरवतो आणि शेपटीखालची पांढरी पिसं दोन्ही बाजूंनी फुगवतो. हे दिसलं की दुसरं काही बघायची गरज नाही.

फोटो काढताना पांढऱ्या आकाशावर पक्षी काळा पडतो आणि पट्टेच नाहीसे होतात. एक्स्पोजर +1 ते +1.7 ठेवा, शटर 1/2000 च्या खाली आणू नका. आकाश जळालं तरी चालेल, पंखाची खालची बाजू हवी.

रानवाट:
शेपटीचे पट्टे खरंच अरुंद आहेत, पंजाही आखूड. शिक्रा म्हणून नोंदवतो. आता जागा आणि वेळ?

घाटमाथा:
उजाडल्या उजाडल्या कड्यावर जाऊन उपयोग नाही. दरी तापून हवा वर चढू लागते ती साधारण साडेनऊनंतर, धुकं असेल तर आणखी उशिरा. साडेनऊ ते साडेअकरा हा मुख्य वेळ. महादेवगड किंवा कावळेसादसारखा कोकणाकडे उघडणारा कडा धरा. सकाळी ऊन पाठीशी राहतं आणि पक्षी डोळ्याच्या पातळीवर किंवा खालून जातो, म्हणजे पाठ आणि शेपटीची वरची बाजूही बघायला मिळते. दुपारी तिथेच ऊन डोळ्यावर येतं. 8x42 दुर्बीण पुरते. आकाश चाळण्यापेक्षा समोरच्या डोंगराची कड आणि जंगलाचा माथा हळूहळू फिरवत बघा. माथ्याला चिकटून, पंख न हलवता संथ जाणारा मोठा काळा पक्षी म्हणजे ब्लॅक ईगल.

उजाडल्यापासून नऊपर्यंत मात्र झाडीतच राहा. बेसरा आणि गॉसहॉक दाट झाडीत आतल्या फांदीवर बसून शिकार हेरतात, त्यामुळे नजरेपेक्षा कान कामाला येतात. बुलबुल, सातभाई, कोतवाल एकदम एका जागी कालवा करू लागले, शेकरू खडखडाट करायला लागलं, की जागेवर थांबा आणि त्या दिशेला खोडाजवळच्या फांद्या तपासा. पाखरं अचानक चिडीचूप झाली तरी तेच.

उंबरठाण:
दोन फसगती सांगून ठेवतो. भृंगराज (लांब शेपटीचा एक कोतवाल) शिक्र्याचा आणि सर्पगरुडाचा आवाज हुबेहूब काढतो, म्हणून नुसत्या आवाजावर नोंद करू नका. दुसरा पावशा. रंग, शेपटीचे पट्टे, उडायची लकब, सगळं शिक्र्यासारखं, लहान पाखरंही त्याला घाबरतात. चोच बघा: पावशाची आकडीसारखी वाकलेली नसते, पाय दुबळे असतात आणि बसल्यावर पंख खाली लोंबतात.

आवाज वाजवून पक्षी बोलावणं टाळा. जानेवारीपासून जोड्या जमायला लागतात, वाजवलेल्या आवाजानं नर हद्द राखायला धावतो आणि घरट्याची जागा सुटू शकते. झाडावर पानं-काटक्यांचा ढीग, म्हणजे घरटं दिसलं तर ठिकाण जाहीर लिहू नका. ओळख पटत नसेल तर ‘शिक्रा किंवा बेसरा’ अशी नोंद ठेवा. पुढे शेपटीचा किंवा पंजाचा फोटो मिळाला की ती दुरुस्त करता येते.